छापल्यानंतरचा प्रवास : दलित नियतकालिके आणि त्यांचा प्रसार

दलित पत्रकारितेचा इतिहास आपल्याकडे बहुधा संपादकांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. पत्र कोणी काढले, केव्हा काढले, अग्रलेखांतून काय मांडले आणि ते केव्हा बंद पडले, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की अभ्यासकाचे समाधान होते. पाचवा प्रश्न सहसा विचारला जात नाही. छापखान्यातून बाहेर पडलेला अंक वाचकापर्यंत पोचला कसा? ज्या समाजाला अक्षर नाकारले गेले होते, ज्याच्याजवळ वर्गणीला पैसा नव्हता आणि ज्याच्या वस्तीत वर्तमानपत्र विकणारे दुकान नव्हते, त्या समाजात छापील शब्द पसरला, ही साधी घटना नव्हे. तो कोणीतरी पसरवला. हे पसरवणारे कोण होते आणि त्यांनी कोणती साधने वापरली, याचा विचार केल्याशिवाय आपल्या वाङ्मयीन चळवळीचा इतिहास अर्धाच राहतो.

प्रथम परिस्थिती लक्षात घेतली पाहिजे. १९२१च्या खानेसुमारीप्रमाणे साऱ्या हिंदुस्थानात शेकडा सुमारे सात माणसे साक्षर होती. हा आकडा सर्व जातींचा मिळून आहे. अस्पृश्य समाजात हे प्रमाण किती खाली असेल याची कल्पना कोणालाही करता येईल. अशा काळात पत्र काढणे म्हणजे वाचता न येणाऱ्यांसाठी वाचनाचे साधन निर्माण करणे होते. प्रस्थापित वृत्तपत्राला तयार वाचक मिळत होता. आपल्या पत्राला लेखनाबरोबर वाचकही घडवावा लागला.

या प्रश्नाची पहिली जाण महात्मा फुल्यांना होती. 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाची हकिकत या दृष्टीने उद्बोधक आहे. १८८३ साली जोतीरावांनी हा ग्रंथ पुरा केला. त्याची पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधू'त छापून आली, आणि पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी छपाई थांबवली. 'दीनबंधू' हे काही परक्याचे पत्र नव्हते. कृष्णराव भालेकरांनी १८७७च्या १ जानेवारीस पुण्यात सुरू केलेले आणि १८८०पासून लोखंड्यांनी मुंबईहून चालवलेले ते सत्यशोधकांचेच पत्र होते. तेथेही हा मजकूर अडला. जोतीरावांच्या हयातीत हा ग्रंथ पूर्ण छापला गेला नाही. पण तो लोकांपर्यंत गेला नाही असे मात्र म्हणता येणार नाही. मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर, वंगणी अशा ठिकाणी जोतीरावांनी तो स्वतः वाचून दाखवला, आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही तो ऐकला. छापखान्याने पाठ फिरवली तेव्हा लेखकाचा आवाज हेच प्रसाराचे साधन झाले. शेतकऱ्याविषयीचे पुस्तक शेतकऱ्यासमोर बसून वाचायचे, ही रीत येथून सुरू होते आणि पुढची शंभर वर्षे टिकते.

अस्पृश्यांच्या स्वतंत्र नियतकालिकांची परंपराही बाबासाहेबांच्या आधीपासूनची आहे. गोपाळबाबा वलंगकर 'दीनबंधू'त लिहीत असत, आणि १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहून धर्माच्या ठेकेदारांना प्रश्न विचारले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८च्या जुलैत पुण्यात 'सोमवंशीय मित्र' हे मासिक सुरू केले. नागपुरात किसन फागुजी बनसोडे यांनी 'निराश्रित हिंद नागरिक', 'विटाळ विध्वंसक', 'मजूर पत्रिका' अशी एकामागून एक पत्रे काढली. एक बंद पडले की दुसरे, ही मालिका केवळ हौसेची नाही. पत्र चालवणारा माणूस टिकत होता. पत्राला पोसणारी व्यवस्था टिकत नव्हती, हाच त्याचा अर्थ आहे.

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत दिली होती. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते, नंतर ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांनी काम पाहिले. पत्र निघाल्याचे लोकांना कळावे म्हणून 'केसरी'कडे जाहिरात देण्याचा प्रयत्न झाला. पैसे देऊनही ती छापण्यास 'केसरी'ने नकार दिला. लोकमान्य टिळक त्या वेळी हयात होते.

हा नकार नीट समजून घेण्यासारखा आहे. 'केसरी'ने 'मूकनायक'वर टीका केली नाही, त्याच्याशी वाद घातला नाही. वाद घातला असता तर हजारो वाचकांना पत्राचे नाव तरी कळले असते. त्याने फक्त जागा दिली नाही. मराठी वाचकवर्गापर्यंत जाण्याची मुख्य वाट म्हणजे तेव्हाची मोठी वृत्तपत्रे, आणि ती वाट अस्पृश्यांच्या पत्रासाठी बंद राहिली. पाणवठा, देऊळ आणि शाळा यांवरील बंदीची आपण चर्चा करतो. जाहिरातीच्या रकान्यावरील ही बंदीही त्याच जातीची होती. फरक इतकाच की तिच्यासाठी रूढीचा किंवा धर्मशास्त्राचा आधार सांगावा लागला नाही. मालकाची मर्जी पुरेशी होती.

मग राहिले टपाल. व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे आपण ज्याला व्ही. पी. म्हणतो, ती सोय या देशात १८७७ साली सुरू झाली आणि नियतकालिकांना तिचा मोठा आधार झाला. अंक पोस्टमनच्या हाती द्यायचा, वर्गणीदाराने पैसे भरून तो सोडवून घ्यायचा, आणि ते पैसे मनिऑर्डरने संपादकाकडे यायचे. व्यवस्था चांगली, पण तिच्यात एक मेख होती. वर्गणीदाराने व्ही. पी. सोडवली नाही तर अंक परत येई आणि जाण्याचा खर्च पत्राच्या माथी बसे. ज्याच्या हातात महिन्यातून एकदाच पगार पडतो, किंवा ज्याला बलुते धान्यात मिळते, त्याच्या दारात व्ही. पी. नको त्या दिवशी आली तर ती परत जाणारच. त्यात श्रद्धेचा अभाव नव्हता. खिशात त्या दिवशी पैसा नव्हता. शिवाय खेड्यातले टपाल पुष्कळदा शाळामास्तरच्या हातून वाटले जाई. महारवाड्यात कोणाच्या नावाने कोणते पत्र येते, हे अशा वेळी साऱ्या गावाला कळायला वेळ लागत नसे. पत्राचा वर्गणीदार होणे हे तेथे वाचकाचे काम राहत नव्हते, ती एक जाहीर भूमिका होत होती.

बाबासाहेब १९२० साली शिक्षणासाठी लंडनला गेले आणि १९२३ साली 'मूकनायक' बंद पडले. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत' निघाले. या वेळी बाबासाहेब स्वतः संपादक होते, आणि अंकाचे रकानेच्या रकाने त्यांना एकट्याने लिहावे लागत. फेब्रुवारी १९२८मध्ये 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' असा लेख लिहून त्यांनी समाजापुढे पत्राचा हिशेब मांडला. नोव्हेंबर १९२९मध्ये हे पत्रही थांबले.

येथे एक विसंगती दिसते आणि तिचा उलगडा केला पाहिजे. ज्या काळात 'बहिष्कृत भारत' आर्थिक अडचणीत होते, त्याच काळात त्यातले विचार मुंबईच्या चाळींपासून कोकणातल्या आणि देशावरच्या वाड्यावस्त्यांपर्यंत पोचले होते. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी हजारो माणसे जमली, ती सर्व काही या पत्राची वर्गणीदार नव्हती. पत्राचा प्रभाव आणि पत्राचा खप यांत एवढे अंतर का पडावे?

याचे उत्तर वाचनाच्या पद्धतीत आहे. आपल्या वस्तीत पत्र डोळ्यांनी कमी आणि कानांनी अधिक वाचले गेले. गिरणीच्या चाळीत, रेल्वेच्या वसाहतीत, गावाकडे तक्क्यात किंवा एखाद्याच्या ओट्यावर अंक येई. शाळेत जाणारा मुलगा किंवा पलटणीतून अक्षर शिकून आलेला पेन्शनर तो मोठ्याने वाची, आणि भोवतीची माणसे ऐकत. मध्येच कोणी थांबवी, अर्थ विचारी, पुन्हा वाचायला लावी. हातोहात फिरून अंकाच्या घड्या फाटत. एका प्रतीमागे वीस-पंचवीस ऐकणारे धरले तरी ते जास्त होणार नाही. म्हणून खपाच्या आकड्यावरून या पत्रांची ताकद मोजणारा इतिहासकार चुकीचे माप वापरतो.

पण या पद्धतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ऐकणाऱ्याकडून वर्गणी येत नाही. पंचवीसजणांनी ऐकलेल्या अंकाचे पैसे एकाचेच येत, आणि तेही कधी व्ही. पी. परत गेल्यामुळे येत नसत. कागद, खिळे, छपाई आणि टपाल यांचा खर्च मात्र रोखीने द्यावा लागे. विचार जितका पसरे तितकी पत्राची मिळकत वाढत नसे. आपली पत्रे लोकांना नको होती म्हणून बंद पडली, हा समज यासाठी टाकून दिला पाहिजे. समाजात सामूहिक वाचनाची रीत निर्माण झाली. तिला पोसणारी सामूहिक वर्गणीची रीत तितक्या वेगाने निर्माण झाली नाही. बाबासाहेबांच्या 'ऋण' या शब्दातला खरा प्रश्न हाच होता.

'जनता' या पत्राने ही कोंडी काही प्रमाणात फोडली. २४ नोव्हेंबर १९३० रोजी सुरू झालेले हे पत्र आधी पाक्षिक होते, पुढे साप्ताहिक झाले आणि सुमारे पंचवीस वर्षे चालले. ४ फेब्रुवारी १९५६ रोजी त्याचे 'प्रबुद्ध भारत' झाले. ते टिकले त्याला संघटनेचे बळ हे एक मोठे कारण होते. गोलमेज परिषदेच्या काळात बाबासाहेबांची लंडनहून आलेली पत्रे 'जनता'त प्रसिद्ध होत. आपल्या पुढाऱ्याने परमुलखात काय केले हे कळण्याचा भरवशाचा मार्ग हाच होता, कारण इतर वृत्तपत्रांतून येणारी हकिकत बहुधा विरोधी असे. वाचकाला अंकाची वाट पाहायला लावणारे कारण मिळाले की प्रसाराचे अर्धे काम होते, हा धडा येथून घेता येतो.

याच सुमारास प्रसाराचे दुसरे मोठे साधन उभे राहिले, ते म्हणजे आंबेडकरी जलसा. सत्यशोधक जलशाची परंपरा पाठीशी होतीच. नाशिक भागात भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी जलसा उभा केला, आणि पुढे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मंडळे निघाली. तमाशाचा साचा त्यांनी घेतला, पण त्यातला शृंगार बाजूला ठेवून तेथे महाड, काळाराम मंदिर, शिक्षण आणि मेलेली गुरे ओढण्याची सक्ती हे विषय आणले. भीमराव कर्डकांनी या साऱ्याची माहिती 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' या १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात नोंदवून ठेवली, हे आपल्यावर मोठे उपकार आहेत.

जलशाकडे आपण लोककला म्हणून पाहतो. वृत्तपत्राच्या प्रसाराचे साधन म्हणून त्याच्याकडे कमी पाहिले गेले. वास्तविक अग्रलेखात जे युक्तिवादाने मांडले जाई ते जलशातल्या संवादात प्रश्नोत्तरांनी येई. ज्याला अक्षर येत नाही अशा बाईमाणसाला, म्हाताऱ्याला, पोराला ते तोंडपाठ होई. पत्र पंधरा दिवसांनी शिळे होते. पद वर्षभर जात्यावर टिकते. आणि जलशातून परतलेल्या माणसाला हे सारे मुळात कोठे छापले आहे असा प्रश्न पडला की तो पत्राकडे वळे. शब्द कागदावरून गळ्यात आणि गळ्यातून पुन्हा कागदावर, असा हा दुहेरी प्रवास होता. वामनदादा कर्डकांसारख्या शाहिरांच्या गीतांच्या छोट्या पुस्तिका पुढे याच वाटेने घरोघरी गेल्या.

प्रसाराचे तिसरे उदाहरण पुस्तकाचे आहे, आणि ते 'केसरी'च्या मौनाशी ताडून पाहण्यासारखे आहे. १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले. भाषणातला काही मजकूर मंडळाला मानवेना. बाबासाहेबांनी तो गाळण्यास नकार दिला आणि परिषदच रद्द झाली. न झालेले हे भाषण त्यांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले, आणि मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही त्याला जोडला. दीड हजार प्रतींची आवृत्ती दोन महिन्यांत संपली. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी गुजराती आणि तमिळ भाषांतरे झालेली होती, तर मराठी, हिंदी, पंजाबी आणि मल्याळम् भाषांतरे चालू होती.

या यशात विरोधकांचाही वाटा होता. जुलै १९३६मध्ये गांधीजींनी 'हरिजन'मधून पुस्तकावर टीका लिहिली. त्यात त्यांनी आठ आणे किंमत जास्त असून ती दोन किंवा निदान चार आणे करावी, असेही सुचवले. बाबासाहेबांनी काय केले? १९३७च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींची टीका जशीच्या तशी छापली आणि तिच्यापुढे आपले उत्तर छापले. प्रतिपक्षाचा लेख त्यांनी आपल्या पुस्तकात बांधून घेतला. ज्याला गांधीजींचे मत वाचायचे त्याच्या हाती आता बाबासाहेबांचे भाषणही पडणार होते. १९२० साली पैसे देऊन जागा मिळाली नाही. सोळा वर्षांनी देशातल्या सर्वांत मोठ्या पुढाऱ्याला आपल्या पत्रात या पुस्तकाची किंमतसुद्धा सांगावी लागली. मधल्या काळात महाड, नाशिक, गोलमेज परिषद आणि येवल्याची घोषणा झाली होती. प्रसाराच्या पाठीशी चळवळ उभी असली म्हणजे मौन पाळणे प्रस्थापितांनाही परवडत नाही.

१९५६नंतर चौथे साधन पुढे आले. नागपूरची दीक्षाभूमी आणि दादरची चैत्यभूमी येथे दरवर्षी लाखो माणसे जमू लागली, आणि रस्त्याच्या कडेला चादरी अंथरून पुस्तके मांडली जाऊ लागली. या पुस्तकबाजाराने मागचे दोन्ही अडथळे एकदम दूर केले. येथे व्ही. पी. नाही, पोस्टमन नाही, दुकानदाराचे कमिशन नाही. वर्षभर साठवलेले चार पैसे घेऊन आलेला खेड्यातला माणूस रोखीने पुस्तक घेतो, आणि जाताना फोटो व दिनदर्शिकेबरोबर गावाकडे नेतो. ज्या पुस्तकांना शहरातल्या मोठ्या दुकानांत फळी मिळाली नाही त्यांच्या आवृत्त्या येथे संपल्या. स्वतः लिहिणारा, स्वतः छापणारा आणि स्वतः चादरीवर बसून विकणारा लेखक ही मराठी साहित्याला आंबेडकरी समाजाने दिलेली देणगी आहे. साहित्याच्या इतिहासग्रंथांत तिची नोंद सापडत नाही.

त्यानंतरच्या पिढीने नियतकालिक आणि मेळावा यांची सांगड घातली. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन झाले. १९६७ साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली जे त्रैमासिक सुरू झाले ते पुढे 'अस्मितादर्श' म्हणून ओळखले गेले, आणि त्याच्या लेखक-वाचक मेळाव्यांतून लिहिणारा आणि वाचणारा समोरासमोर आले. तालुक्याच्या गावचा शिक्षक वर्गणी गोळा करी, अंक वाटी, आणि एखाद्या विद्यार्थ्याची पहिली कविता संपादकाकडे पाठवी. प्रसार करणारा माणूस लेखकही शोधत होता. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिचे शब्द ऐकायला वाड्यावस्त्यांत जे कान तयार होते ते असे घडले होते.

या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट निष्पन्न होते. छापणे ही घटना आहे. पोचवणे ही चळवळ आहे. आवाज, टपाल, जलसा, वादविवाद, पुस्तकबाजार आणि मेळावा यांपैकी कोणतेही साधन केवळ जाहिरातीचे नव्हते. प्रत्येक साधनामागे अंक हातात घेऊन दुसऱ्याच्या दारात जाणारा माणूस होता, आणि त्या निमित्ताने माणसे एकत्र बसत होती.

आज साधने बदलली आहेत. हातातल्या फोनवरून मजकूर क्षणात हजारोंकडे जातो. जाहिरातीचा रकाना नाकारणारा संपादक आता पूर्वीइतका आड येत नाही, हे खरे आहे, आणि खेड्यातल्या मुलीला बाबासाहेबांचे समग्र लेखन विनामूल्य वाचता येते हेही मोठे परिवर्तन आहे. तथापि कोणाला काय दिसावे हे आता ज्या कंपन्या ठरवतात त्यांचा हिशेब आपल्याला दाखवला जात नाही. रकाना उघडा आहे, पण त्याची किल्ली पुन्हा मालकाकडेच आहे. दुसरे असे की पुढे ढकललेला मजकूर वाचला गेला की नाही, त्यावर कोणी प्रश्न विचारला की नाही, हे ढकलणाऱ्याला कळत नाही. तक्क्यातला पेन्शनर वाचताना थांबत असे, कारण समोरचा माणूस त्याला थांबवत असे. आणि जुने दुखणे जसेच्या तसे आहे. मजकूर सर्वांना हवा असतो. वर्गणी मागितली की माणसे विरळ होतात. १९२८ सालचा ऋणाचा प्रश्न अजून फिटलेला नाही.

म्हणून दोन कामे हाती घेतली पाहिजेत. पहिले काम विद्यार्थ्यांचे आणि शिक्षकांचे. 'मूकनायक'चे सर्व अंक आज आपल्या हाती नाहीत. जे आहेत ते कोणीतरी ट्रंकेत जपले म्हणून आहेत. अंकांबरोबरच वर्गणीच्या वह्या, व्ही. पी.च्या पावत्या, जलशाची हस्तलिखित बाडे, पुस्तकबाजारात बसलेल्या माणसांच्या आठवणी हेही इतिहासाचे साधन आहे. ज्या घरांत हे कागद आहेत तेथे आजच गेले पाहिजे. ती पिढी संपत आली आहे, आणि घर पाडताना किंवा बदलताना पहिल्याने जातात ते कागद.

दुसरे काम कार्यकर्त्यांचे. विहारात, वसतिगृहात, युनियनच्या खोलीत महिन्यातून एक संध्याकाळ अंक मोठ्याने वाचण्यासाठी ठेवावी. वाचून झाल्यावर चर्चा करावी आणि उठताना त्याच बैठकीत वर्गणी गोळा करावी. ऐकणाऱ्या पंचवीसजणांनी मिळून पाच प्रती घेतल्या तरी पत्राचा पाया बळकट होईल. आपल्या पूर्वसुरींनी पहिला अर्धा भाग करून दाखवला होता. निरक्षर समाजाला त्यांनी वाचक बनवले. साक्षर झालेल्या समाजाने दुसरा अर्धा भाग पुरा करायचा आहे.